ख्रिश्चन लोक ‘शब्द देव होता’ म्हणतात तेव्हा नक्की काय म्हणत असतात?

पेठेतला_भटक्या

नमस्कार मंडळी. यंदा नाताळला वसईला ऑफिसातल्या मित्राकडे गेलो होतो, सकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पण त्याच्याबरोबर जाऊन बसलो. मला वाटलेलं की आता गोठा, मेंढपाळ, आकाशातला तारा असं सगळं वाचतील, दिवसच तो आहे, तर फादरांनी वाचलं ते भलतंच. "प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता आणि शब्द देव होता." ना मरिया, ना योसेफ, ना बेथलेहेम. पुढे कुठेतरी "शब्द देही झाला" असं आलं आणि थोड्या वेळात वाचन संपलं. बाहेर आल्यावर मित्राला विचारलं हे काय होतं, तर म्हणाला अरे शब्द म्हणजे येशूच, आणि नेवऱ्यांची बशी पुढे केली. त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या डोक्यातून काही जाईना.

तर प्रश्न असा की जो देवासह होता तोच देव कसा काय, एक तर बरोबर असेल नाहीतर तोच असेल ना? दुसरं म्हणजे हे आपल्या शब्दब्रह्माचंच लांबचं भावंड आहे का, तुकोबा पण "शब्दचि हा देव" म्हणून गेलेत. आणि बायबलला पण देवाचा शब्द म्हणतात, मग पुस्तक देव आहे की काय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. धर्मांतर, मिशनरी वगैरेवर कृपया गाडी नेऊ नका, त्यासाठी वेगळे धागे निघत असतातच.

---

पापडी_लोकल

तुम्ही दिवसाच्या मिस्सेला गेलात म्हणून असं झालं :) नाताळच्या मिस्सांची वाचनं वेगवेगळी असतात. मध्यरात्री लूकच्या शुभवर्तमानातला (शुभवर्तमान म्हणजे बायबलातलं येशूचं चरित्र, अशी चार आहेत) जन्म आणि गव्हाणी, पहाटे मेंढपाळ येऊन बघतात तो भाग, आणि दिवसा योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात. गोठा हवा होता तर रात्री थंडीत यायचं होतं राव.

योहान गोठा सांगतच नाही. जो जन्मला तो मुळात कोण होता तिथून तो सुरू करतो, म्हणजे जगाच्याही आधीपासून.

आमच्याकडे हा उतारा फार मुरलेला आहे. जुन्या लॅटिन मिस्सेत शेवटी, आशीर्वाद वगैरे होऊन लोक निघायच्या बेतात असताना, फादर परत हाच उतारा वाचायचे आणि ‘एत वेर्बुम कारो फाक्तुम एस्त’ म्हणजे शब्द देही झाला या जागी गुडघा टेकायचे. १९६५ मध्ये ते बंद झालं. पण एंजलसची प्रार्थना आहे ना, सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाची, तिच्यात हे वाक्य आहेच, आणि जुनी माणसं घंटा ऐकली की हातातलं विळा-खुरपं बाजूला ठेवून त्या वाक्याला अजून गुडघा वाकवतात.

बाकी थिऑलॉजी मला झेपत नाही. अभ्यासू लोक येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

इतिहासाचा_किडा

आलोच. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे डोक्यातून काढा की इथे ‘शब्द’ म्हणजे तोंडातून निघणारा आवाज किंवा कागदावरची अक्षरं. योहानाने वापरलेला ग्रीक शब्द आहे लोगोस, त्यात बोल पण येतो आणि बुद्धी, विचार, तर्क हे पण येतं, तेवढं कळलं की पुरे, त्यावर पानंच्या पानं लिहायची गरज नाही. महत्त्वाचं हे की पहिल्या शतकाच्या शेवटाकडे हे वाचणारी माणसं दोन प्रकारची होती आणि दोघांच्या कानाला ते ओळखीचं वाटलं असणार. ज्यू माणसाला लगेच बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचं पहिलं पान आठवणार, देव म्हणाला प्रकाश होवो आणि प्रकाश झाला, तिथे देव हातात छिन्नी-हातोडा घेत नाही, नुसता बोलतो. तेहतिसाव्या स्तोत्रात तर सरळच आहे की परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण झालं. यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात आहे की माझ्या मुखातून निघालेलं वचन रिकामं परत येत नाही, काम करूनच येतं. म्हणजे देवाचा शब्द ही माहिती नव्हे, ती कृती आहे.

आणि ग्रीक शिकलेल्या माणसाला आठवणार तत्त्वज्ञ हेराक्लायटस, हा इफिसस शहरातला, आणि परंपरेने योहानाचं शुभवर्तमान पण इफिससलाच लिहिलं गेलं असं मानतात. या हेराक्लायटसचं आणि त्याच्या नंतरच्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचं म्हणणं की सगळ्या विश्वात एक लोगोस भरून आहे, त्यामुळे जग नियमाने चालतं. अलेक्झांड्रियाचा फायलो, ज्यू तत्त्वज्ञ, येशूचाच समकालीन, त्याने या दोन्हीची सांगड घालायचा प्रयत्न पण केला होता, देव आणि जग यांच्या मधे लोगोस.

इथपर्यंत कुणालाच काही खटकलं नसतं. खटका पुढे आहे. चौदाव्या ओळीत योहान म्हणतो की हा शब्द देही झाला. हाडामांसाचा झाला. ज्याला भूक लागते, जो विहिरीवर दमून बसतो, लाजारच्या थडग्याशी रडतो. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथेत हे फार नेमकं सांगितलंय. तो म्हणतो प्लेटोवाद्यांच्या पुस्तकांत मला प्रारंभी शब्द होता, शब्द देव होता हे सगळं सापडलं, याच शब्दांत नाही पण अर्थाने सापडलं, पण शब्द देही झाला हे काही तिथे सापडलं नाही. चौथ्या शतकातला इतका वाचलेला माणूस, त्याला फरक कुठे आहे ते बरोबर दिसलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, ‘सह’ पण आणि ‘तोच’ पण कसा. भाऊ, हा प्रश्न पडणारे तुम्ही पहिले नाही, यावरून अख्खं रोमन साम्राज्य पन्नास-साठ वर्षं भांडत होतं. अलेक्झांड्रियात अरियस नावाचे एक पाद्री होते, वयस्कर, साधी राहणी, लोकांत मान. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देव एकच, त्याला कुणी जन्म दिला नाही. पुत्राला, म्हणजे शब्दाला, पित्याने जन्म दिला. मग जन्म दिला म्हणजे त्याआधी तो नव्हता. ‘काळ’ म्हणायचं टाळून ते म्हणायचे, "तो नव्हता असं कधीतरी होतं." शब्द हा देवाने सगळ्यात आधी आणि सगळ्यात श्रेष्ठ असा निर्माण केलेला, बाकी जग मग त्याच्याकरवी निर्माण झालं, पण शेवटी तो पण निर्मितीच. बायबलातून आधार पण होते त्यांच्याकडे, नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान स्वतःच म्हणतं की परमेश्वराने मला आधी निर्माण केलं, आणि योहानातच येशू म्हणतो पिता माझ्याहून थोर आहे. शिवाय त्यांनी आपली मतं गाण्यात बसवली होती, खलाशांनी, जात्यावर दळणाऱ्यांनी, प्रवाशांनी म्हणायची गाणी. म्हणजे आपल्या ओव्यांसारखाच प्रकार म्हणा ना.

आणि खरं सांगू का, नुसत्या तर्काने बघितलं तर अरियसचं पटकन पटतं. मला कॉलेजात पटलं होतं.

विरोधात उभे राहिले अथनेशियस, तेव्हा तरुण डीकन (पाद्र्याच्या खालचं पद), पुढे अलेक्झांड्रियाचे बिशप. त्यांचे मुद्दे मला जास्त खोल वाटतात, कारण ते ‘देव म्हणजे काय’ यावर न थांबता ‘माणसाचं काय होणार’ इथपर्यंत जातात. एक मुद्दा असा की शब्द नव्हता असं कधीतरी होतं म्हणता, मग तेव्हा देव काय मुका होता? बुद्धीशिवाय होता? सूर्य आहे आणि त्याचा प्रकाश नंतर कधीतरी त्याला चिकटला असं होतं का? सूर्य म्हटला की प्रकाश आलाच, प्रकाश सूर्यापासून येतो पण सूर्यानंतर येत नाही. ‘पासून’ आणि ‘नंतर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या ‘सह’ आणि ‘तोच’चं उत्तर त्यांनी इथेच दिलंय. आणि दुसरा मुद्दा तर बिनतोडच: शब्द जर निर्माण केलेला असेल तर तो आपल्यासारखाच, जरा वरच्या पायरीवरचा. मग एक निर्मिती दुसऱ्या निर्मितीला देवाशी कशी जोडणार? बुडणाऱ्याला बुडणारा काय काढणार? आणि तुम्ही चर्चमध्ये येशूची पूजा करता, मग ती निर्माण केलेल्याची पूजा झाली की.

३२५ साली नायसियाला, आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक, बादशहा कॉन्स्टंटाईनने बिशपांची परिषद बोलावली. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली. तिथे ठरलं की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे. पापडीवाले दर रविवारी मिस्सेत जो विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतात त्यातलं हेच. ते म्हणताना किती जणांना कळत असेल की यातलं एकेक वाक्य कुणाशीतरी भांडून लिहिलेलं आहे :)

---

चार्वाक_आजोबा

सगळं राजकारण हो. बादशहाला एक साम्राज्य, एक देव, एक धर्म पाहिजे होता, मतदान घेतलं आणि एका सुताराला बहुमताने देव करून टाकलं. बाकी सूर्य-प्रकाश वगैरे नंतरची सजावट.

---

इतिहासाचा_किडा

आजोबा, हे व्हॉट्सॅपवर फार फिरतं. पण तारखा बघा ना. नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात येतं त्याच प्रांताचा रोमन गव्हर्नर प्लिनी, त्याने साधारण ११२ साली बादशहा ट्राजनला पत्र लिहिलंय की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं म्हणतात. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच मुलखात, आणि सांगणारा त्यांचा माणूस नाही, त्यांना शिक्षा करणारा आहे. परिषदेत प्रश्न ‘येशू देव की माणूस’ असा नव्हताच, अरियस पण त्याला पूज्यच मानत होते. प्रश्न होता की तो शब्द निर्मात्याच्या बाजूचा की निर्मितीच्या बाजूचा.

आणि बादशहाने ठरवलं म्हणता तर पुढचं ऐका. कॉन्स्टंटाईनने मरणाच्या आधी बाप्तिस्मा घेतला तो अरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्टियस तर उघड नायसियाच्या विरोधी पार्टीत. अथनेशियसना पाच वेळा हद्दपार केलं, वेगवेगळ्या बादशहांनी, पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीतली सतरा वर्षं हद्दपारीत गेली, इजिप्तच्या वाळवंटात साधूंच्यात लपून पण राहिले. सत्तेला अरियसचा शब्द जास्त सोयीचा होता, हे माझं मत. देवाच्या खालोखाल एक प्रतिनिधी, आणि त्याच्याच पंगतीत बादशहा. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर कुठे गाडी रुळावर आली, तिथे थिओडोशियस बादशहाचा हात होता हे मात्र मान्य, राजकारण नव्हतंच असं मी पण म्हणत नाही.

एक किस्सा सांगतो, निसाचे ग्रेगरी म्हणून बिशप होते त्यांनी त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलचं वर्णन केलंय. सुटे पैसे मागितले तर दुकानदार जन्मलेला आणि न जन्मलेला यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारला तर म्हणतो पिता थोर आणि पुत्र त्याच्या खाली, आणि हमामात पाणी तापलं का विचारलं तर नोकर सांगतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. तेव्हाचा ट्विटरच की.

---

चार्वाक_आजोबा

प्लिनीचं पत्र माहीत आहे मला. दोनशे वर्षं गैरसमज टिकला एवढंच सिद्ध होतं त्याने. असो, हमामाचा किस्सा आवडला.

---

व्याकरणाची_वही

दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण इथे लोक लगेच सगळं एकच म्हणून गुंडाळून ठेवतात आणि मग दोन्हीकडचं हातातून जातं.

शब्दब्रह्म म्हटलं की मुख्य नाव व्याकरणकार भर्तृहरीचं, त्याचा ग्रंथ वाक्यपदीय. पहिल्याच कारिकेत तो म्हणतो की ज्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही असं ब्रह्म हे शब्दतत्त्व आहे, अक्षर आहे, आणि तेच अर्थांच्या रूपाने भासतं, त्यातून जगाचा व्यवहार चालतो. योहानाशी साम्य आहे, नाकारायचं कारण नाही, जगाच्या आधी शब्द आणि शब्दातून जग. पण भर्तृहरीचं शब्दतत्त्व ‘कुणी’ नाही. ते कुणाच्या ‘सह’ असू शकत नाही कारण दुसरं कुणी नाहीच, तिथे नातं हा विषयच येत नाही. योहानात पहिल्या ओळीपासून नातं आहे, पुढे त्याच अध्यायात तो म्हणतो की पुत्र पित्याच्या उराशी आहे. आणि दुसरं, भर्तृहरीच्या शब्दापासून जग हा विवर्त, म्हणजे शब्दच जग म्हणून भासतो. ख्रिस्ती मताप्रमाणे शब्द जग घडवतो, स्वतः जग होत नाही, दोघांमधली रेघ पक्की. तो झालाच तर एक माणूस झाला, एका गावातला, एका आईचा.

ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपतीलाच शब्दब्रह्माची मूर्ती केलंय, वेद म्हणजे त्याचं शरीर वगैरे, फार सुंदर रूपक आहे, पण रूपक आहे. माउलींना तिथे इतिहासातली घटना सांगायची नाहीये.

आणि तुकोबांचा अभंग या चर्चेत आणूच नये असं माझं मत. तिथे "आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें" अशी सुरुवात आहे, शब्दांचीच शस्त्रं, शब्द वाटू धन जनलोकां, म्हणजे ते आपल्या कवितेबद्दल, आपल्या बोलण्याच्या कामाबद्दल बोलतायत. वाण्याचा मुलगा आपला माल दाखवतोय आणि मालालाच देव म्हणतोय. तो आनंद वेगळा आहे, त्याला योहानाच्या शेजारी बसवून दोघांचाही तोटा होतो.

अवांतर: ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक मात्र म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण तिथे मुद्दा भक्तीचा आहे, शब्दतत्त्वाचा नाही.

---

पेठेतला_भटक्या

बाप रे, धागा चांगलाच फुलला. व्याकरणताई, अभंग आणायलाच नको हे काही पटत नाही, तुकोबांचा शब्द पण नुसती माहिती नाही, तो पण काम करतो, धन होतो, शस्त्र होतो. किडाभाऊंनी यशयाचं सांगितलं तसंच झालं की हे. एवढं तरी नातं असू द्या.

आता पुढचं. देवाने माणसाचा देह घेतला म्हणजे हा अवतारच झाला ना? आणि किडाभाऊ, शब्दाकरवी सगळं विश्व चालतं म्हणता, मग तो शब्द पाळण्यात झोपलेला असताना विश्व कोण सांभाळत होतं?

---

नगरी_मिसळ

दादा मी प्रोटेस्टंट घरातली, नगरची. तुमचा तिसरा प्रश्न, पुस्तक देव आहे का हा, सगळे विसरलेच म्हणून लिहिते.

आमच्याकडे बायबलला सरळ ‘वचन’ म्हणतात. आज वचन वाचलंस का, वचनात काय म्हटलंय, पास्टर वचन सांगायला आलेत, हे रोजचं बोलणं. त्यामुळे लहानपणी माझं पण ठाम मत होतं की शब्द म्हणजे काळ्या कव्हरचं पुस्तक, आणि ते जमिनीवर ठेवलं की आई ओरडायची त्यामुळे मत अजून पक्कं झालं. पण मूळ शिकवण अशी नाहीये. शब्द म्हणजे ख्रिस्त, आणि बायबल त्याच्याबद्दल साक्ष देतं म्हणून त्यालाही देवाचा शब्द म्हणायचं. मार्टिन लुथर म्हणजे बायबलचा केवढा कैवारी, सगळं सोडलं पण बायबल नाही सोडलं, तो १५२३ मध्ये जुन्या कराराच्या प्रस्तावनेत लिहितो की हे शास्त्र म्हणजे ख्रिस्ताला गुंडाळलेली बाळोती आणि त्याला निजवलेली गव्हाणी आहे, साधी, स्वस्तातली, पण आतला ठेवा अनमोल. गव्हाणीची पूजा करायची नाही पण गव्हाणी फेकून पण द्यायची नाही, कारण बाळ तिथेच सापडतं.

विसाव्या शतकात कार्ल बार्थ या प्रोटेस्टंट धर्मपंडिताने हेच तीन पदरांत मांडलं, देवाचा प्रकट झालेला शब्द म्हणजे ख्रिस्त, लिहिलेला शब्द म्हणजे शास्त्र, आणि सांगितलेला शब्द म्हणजे उपदेश. त्याच्या मते बायबल दर वेळी आपोआप देवाचा शब्द नसतं, देव त्यातून बोलतो तेव्हा ते होतं. आमच्याकडच्या बऱ्याच पास्टर लोकांना हे अजिबात चालत नाही, त्यांचं म्हणणं मग प्रत्येकजण म्हणेल मला आज देव बोलला नाही. मला दोन्ही बाजू कळतात. पण उपदेश हा पण देवाचा शब्द म्हटल्यावर काही काही रविवारी फार जड जातं हो :)

---

पापडी_लोकल

नगरीताई, कॅथलिक पण तेच म्हणतात. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, स्पष्ट आहे की ख्रिस्ती धर्म हा पुस्तकाचा धर्म नाही, देवाच्या शब्दाचा धर्म आहे, आणि तो शब्द लिहिलेला मुका नाही तर देही झालेला जिवंत शब्द आहे. संत बर्नार्डचं वाक्य आहे ते मूळ, बाराव्या शतकातलं. फक्त आम्ही लिहिलेल्याच्या जोडीला परंपरा पण धरतो, १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ या चर्चच्या दस्तऐवजात दोन्ही एकाच झऱ्यातून येतात असं म्हटलंय. त्यावर भांडायचं तर दुसरा धागा काढा, मी येतो.

---

अत्तारवाला

वाचनमात्र असतो पण इथे राहवलं नाही. लोक नेहमी कुराण आणि बायबल शेजारी ठेवून तुलना करतात, ती जोडी मुळात जमत नाही. जोडी लावायचीच तर कुराण आणि येशू अशी लागते. आमच्याकडे अल्लाहचं कलाम अनादि, आणि ते कुराण म्हणून उतरलं. ख्रिश्चनांकडे देवाचा शब्द अनादि आणि तो माणूस म्हणून आला. गंमत म्हणजे अरियससारखंच भांडण आमच्यात पण झालं, कुराण निर्माण केलेलं की अनादि यावरून. खलिफा मामूनने ८३३ साली आलिम लोकांना पकडून विचारायला सुरुवात केली, निर्माण केलेलं म्हणा. इमाम अहमद इब्न हंबल म्हणाले नाही, आणि तुरुंगात गेले. नंतर त्यांचंच मत टिकलं.

ईसा अलैहिस्सलामना कुराणात पण अल्लाहचा कलिमा म्हटलंय, सूरा निसामध्ये, पण त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की अल्लाहने ‘हो’ म्हटलं आणि ते आईच्या पोटी आले. देव आहेत असा नाही. तिथे आमचा आणि पापडीवाल्यांचा रस्ता वेगळा होतो, पण निदान फाटा कुठे फुटतो ते तरी कळावं.

---

इतिहासाचा_किडा

अत्तारवाले, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. वाचनमात्र राहू नका.

भटक्यासाहेब, अवतार. बाहेरून सारखं दिसतं, पण दोन ठिकाणी गाडी वेगळी जाते. अवतार पुन्हा पुन्हा होतात, युगे युगे, आणि काम झालं की अवतार संपतो. ख्रिस्ती मतात हे एकदाच, आणि संपत नाही. पुनरुत्थानानंतर शब्दाने देह कपड्यासारखा काढून ठेवला असं ते मानत नाहीत, तो आजही माणूस आहे, जखमांच्या खुणांसकट. आणि दुसरं म्हणजे माणूसपण पूर्ण हवं. सुरुवातीपासून काही लोक म्हणत होते की देह नुसता दिसण्यापुरता होता, देवाला कसलं आलंय दुखणं. त्यांना योहानाच्या पहिल्या पत्रातच हाणलंय. मग चौथ्या शतकात अपोलिनारिस आला, अथनेशियसचाच दोस्त, म्हणाला की देह माणसाचा पण आत मनाच्या जागी शब्द. ऐकायला किती भक्तीचं वाटतं. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीने उत्तर दिलं की जे त्याने घेतलं नाही ते बरं झालं नाही. आपलं मनच तर सगळ्यात आजारी आहे, तेच सोडून दिलं तर औषध कशाला लावलं?

मग ४५१ साली चाल्सेडोनच्या परिषदेत ठरलं की व्यक्ती एक, स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा, आणि ते दोन कसे जोडलेत तर मिसळ न होता, बदल न होता, फूट न पडता, वेगळे न होता. चारही नकार! कसे आहेत ते सांगितलंच नाही, कसे नाहीत तेवढं सांगितलं. आपल्या नेति नेतिवाल्यांना हे आवडायला हरकत नाही. इजिप्त, सीरिया, आर्मेनियातल्या चर्चना मात्र हे पटलं नाही आणि ते वेगळे झाले, केरळातले ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्ती आजही त्याच बाजूला मोजले जातात.

आता पाळण्याचा प्रश्न. भारी प्रश्न आहे आणि थट्टेचा अजिबात नाही. अथनेशियसने ‘शब्दाचं देहधारण’ या पुस्तकात याचंच उत्तर दिलंय. त्याच्या मते शब्द देहात होता पण देहात कोंडला गेला नव्हता. देहात असताना सुद्धा तो सगळं विश्व धरून होता, सगळ्यांना जीवन देत होता, आणि पित्यातही होता. माणसाचा आत्मा घरात बसून आकाशाचा विचार करू शकतो पण सूर्य हलवू शकत नाही, शब्दाचं तसं नाही, तो देहाला बांधलेला नाही, उलट देह त्याने धरलेला आहे. म्हणजे मरियेच्या मांडीवर दूध पिणारा आणि त्याच वेळी तिचा श्वास चालवणारा एकच.

---

पेठेतला_भटक्या

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पण मग जो मांडीवर आहे तो ‘अख्खा’ शब्द नाही, बाकीचा बाहेर आहे, असं नाही का होत?

---

नगरी_मिसळ

दादा बरोब्बर इथेच प्रोटेस्टंटांतले दोन गट, लुथरवाले आणि कॅल्विनवाले, भांडले. कॅल्विन म्हणाला की शब्द स्वर्ग न सोडता खाली आला, कुमारीच्या उदरात राहिला, पृथ्वीवर फिरला, क्रूसावर टांगला गेला, आणि तरी आधीसारखाच सगळं जग भरून राहिला. लुथरवाल्यांनी याला टोपणनावच पाडलं, ‘कॅल्विनवाल्यांचं ते बाहेरचं’, एक्स्ट्रा काल्विनिस्टिकम. त्यांचं म्हणणं, देहाबाहेर असा कुठलाही शब्द शोधायला जाऊ नका, जो काही आहे तो या बाळातच पूर्ण आहे. कॅल्विनवाले म्हणाले हे आम्ही कुठे नवीन काढलं, अथनेशियस वाचा. मुद्दा होताच त्यांच्याकडे.

मग लुथरवाल्यांपुढे तुमचा प्रश्न जास्तच अवघड होऊन आला, सगळा शब्द बाळात म्हणता तर विश्व कोण चालवत होतं? त्यावर सतराव्या शतकात जर्मनीत त्यांच्यातल्याच दोन विद्यापीठांत जुंपली. ट्यूबिंगेनवाले म्हणाले बाळच चालवत होतं, फक्त लपून. गीसेनवाले म्हणाले नाही, जोवर तो पृथ्वीवर त्या लीन अवस्थेत होता तोवर माणूस म्हणून त्याने ती ताकद वापरायचं सोडून दिलं होतं.

माझ्या आजोबांना विचारलं असतं तर ते ट्यूबिंगेनवाले निघाले असते. मी गीसेनच्या बाजूची, लपून विश्व चालवणारं बाळ मला खरं माणसाचं बाळ वाटत नाही.

---

पापडी_लोकल

आणि मी अथनेशियसवाला. पण भटक्यासाहेब, पुढच्या नाताळला मध्यरात्रीच्या मिस्सेला या, स्वेटर घेऊन.